पांढरीपांड्यांचा कोरडा धबधबा

मी एकदा एका सज्जन माणसाच्या धबधब्याला पाणी आणलं. आयुष्यात गाढवपणा मी पुष्कळ केला, पण हा त्यातला मेरुमणी. वय कच्चं होतं, दुसरं काय! सदुसष्टाव्या वर्षी बाईमाणसाला वाटतं, आपल्याला जगातलं सगळं कळतं. आता अठ्ठ्याहत्तरी गाठल्यावर कुठे अक्कलदाढ हलायला लागलीय, तर डेंटिस्ट म्हणतो काढून टाकू.

धबधबा पांढरीपांड्यांचा. कागदोपत्री तो अ‍ॅरिझोनाच्या जंगलखात्याचा असेल, पण आमच्या चँडलरच्या मराठी मंडळींत त्याला दुसरं नाव नव्हतं. पांढरीपांडे मूळचे नागपूरचे, चिप बनवणाऱ्या कंपनीतून रिटायर झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा तिकडे अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅरी गावात. चार बेडरूमच्या घरात हा एकटा माणूस आणि त्याची पिवळी छत्री. ज्या गावात पाऊस पडला तर लोक घराबाहेर येऊन व्हिडिओ काढतात, त्या गावात या गृहस्थाकडे छत्री, रेनकोट, गमबूट असा सगळा जामानिमा तयार!

तो जामानिमा वर्षातून एकदाच बाहेर निघे. मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पांढरीपांडे सगळ्यांना धबधब्याला नेत. गाड्या उत्तरेकडे निघायच्या. आधी हात वर करून उभे असलेले उंच निवडुंग, मग खुरटी झुडपं, मग एकदम पाइनचं जंगल. कच्च्या रस्त्याच्या टोकाला गाड्या लावायच्या आणि दगडगोट्यांनी भरलेल्या ओढ्याच्या काठानं तास-दीड तास चालायचं. वाटेत ते प्रत्येकाला एका जाड पाइनच्या सालीला नाक लावायला लावत. "वास घ्या बाप्पा! कस्टर्डचा येते का नाही?" आणि खरंच यायचा. येणारे-जाणारे अमेरिकन हायकर बघत राहायचे, की ही सलवार-कमीजमधली माणसं रांगेनं झाडाचे मुके का घेतायत.

आणि मग तो कडा. काळा, उंच, रुबाबदार. आणि ठणठणीत कोरडा.

पहिल्या वर्षी मी मोठ्या उत्साहानं गेले होते. धबधबा म्हटल्यावर मराठी बाईच्या डोक्यात दुसरं काय येणार? भजी! पिशवीत छोटी शेगडी, कढई, डाळीच्या पिठाचा डबा, चिरलेला कांदा, शिवाय भिजल्यावर बदलायला प्रत्येकाचा एक जोड आणि चार टॉवेल. कड्याच्या जरा अलीकडे पाटी होती, आग पेटवायला सक्त मनाई. म्हणजे ती कढई मी दीड तास नेली आणि दीड तास परत आणली. आमचे हे मागून म्हणत होते, "डोक्यावर घाल. ऊन तरी लागणार नाही."

कड्यासमोर पोचलो तर पांढरीपांड्यांनी रेनकोट चढवला, छत्री उघडली आणि हात पसरून ओरडले, "मागे सरका! मागे सरका! शिंतोडे उडून राहिले!"

माझी नात ईशा तेव्हा लहान होती. ती म्हणाली, "आजी, देअर इज नो वॉटर."

"असं कसं नाही?" पांढरीपांडे तिच्याजवळ वाकून म्हणाले. "तिथून वरून पडते बघ. आधी तो दगड, मग हा दगड, अन् इथं धप्पकन! कान फाटून राहिले माझे, अन् ही पोरगी म्हणते पाणी नाही!"

पोरगी किंचाळत त्यांच्या छत्रीखाली घुसली.

नियम असा, की प्रत्येकानं कड्याखाली उभं राहून आंघोळ करायचीच. मोठमोठे मॅनेजर "हर हर गंगे" करत नसलेलं पाणी डोक्यावर घ्यायचे. एका गंभीर डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याकडून पाठ चोळून घेतली होती. आमचे हे तर कानात पाणी गेलं म्हणून एका पायावर उड्या मारत होते. माझी पाळी आल्यावर मी केस भिजतील म्हणून नाही म्हटलं, तर पांढरीपांड्यांनी गंभीरपणे छत्री पुढे केली. "घ्या वैनी. पण मंग पुण्य अर्धंच लागेल, सांगून ठेवतो."

मग कोरड्या डोहातल्या गुळगुळीत दगडांवर बैठक जमायची. पांढरीपांडे पहाटे उठून स्वतः तळलेली सांबारवडी काढायचे. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात, हे ते दरवर्षी नव्यानं समजावून सांगत आणि दरवर्षी कुणीतरी नवा माणूस इडलीबरोबरचं सांबार शोधत बसे. गाणी, भेंड्या, ऑफिसातल्या साहेबांच्या नकला. मधेच पांढरीपांडे ओरडत, "जरा मोठ्यानं बोला यार, पाण्याचा आवाज किती!" सावल्या लांब होईपर्यंत कुणी उठायचं नाव घेत नसे.

असं तीन-चार वर्षं चाललं. मग नवी मुलं आली, तरतरीत आणि हिशेबी. ग्रुपवर मेसेज यायला लागले, काका, या वर्षी तरी पाणी आहे का? कुणीतरी त्यांचं नाव 'कोरडे काका' ठेवलं. एका वर्षी तर अर्ध्या लोकांनी कॅन्सल केलं. पांढरीपांडे त्याच्यावर हसरा चेहरा टाकून मोकळे झाले, पण त्या आठवड्यात ते आमच्याकडे तीनदा विरजण मागायला आले आणि प्रत्येक वेळी विचारून गेले, "तुम्ही तर येता ना वैनी? पुढच्या साली?"

मला वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करते, हा माझा जुना रोग. या भल्या माणसाला धबधब्याचा हंगाम कळत नाही, असं मी ठरवून टाकलं. कंपनीत चिपा बनवल्या, पण निसर्गाची अक्कल नाही हो बिचाऱ्याला! पुढच्या एप्रिलमधे मी गुपचूप जंगलखात्याच्या ऑफिसात फोन लावला. तिकडची बाई हसत म्हणाली, या आठवड्यात या, वरचा बर्फ वितळतोय, धबधबा वेड्यासारखा पडतोय.

मी ग्रुपवर डंका पिटला. पाणी आहे, मी खात्री केलीय! पटापट अंगठे आले. पांढरीपांड्यांना सांगितलं, मेमधे जावयाला प्रवास आहे, या वेळी एप्रिलमधेच जाऊ.

"एप्रिलमधे? तेव्हा तर पाणी असेल ना, वैनी."

हे त्यांनी दोनदा विचारलं. मी मूर्ख, मला वाटलं आनंदानं.

अहाहा, काय तो दिवस! अर्ध्या वाटेवरच गडगडाट ऐकू यायला लागला. पोरं धावत सुटली, त्यांच्यामागे आया, त्यांच्यामागे बाप. कस्टर्डच्या झाडाशी कुणी थांबलंच नाही. तिथे पांढरीपांडे एकटेच वास घेऊन आले. कड्यावरून पांढराशुभ्र लोट कोसळत होता, तुषारांत इंद्रधनुष्य, सगळं कसं कॅलेंडरवरच्यासारखं. सगळ्यांचे फोन वर. पांढरीपांड्यांनी रेनकोट चढवला, छत्री उघडली. "मागे सरका! शिंतोडे उडून राहिले!" त्या वर्षी ते खरंच उडत होते. पण त्या आवाजात काकांचं कुणाला ऐकूच गेलं नाही.

पाणी म्हणजे नुकताच वितळलेला बर्फ. पोरांचे ओठ निळे पडले. डोह भरलेला, बसायला दगड शिल्लक नाही. भराभर फोटो निघाले, "ऑसम, मावशी! तुमच्यामुळे दिसला!" असं मला म्हणून मंडळी हीटर लावायला गाड्यांकडे पळाली. मी तिथे सत्कारमूर्तीसारखी मान डोलवत उभी! चार टॉवेल नेले होते, ते मात्र या वेळी हातोहात संपले.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर व्हिडिओंचा पूर लोटला. एकातही पांढरीपांडे नव्हते. एकाच्या कोपऱ्यात पिवळ्या छत्रीचं टोक तेवढं दिसत होतं.

परतताना ते आमच्या गाडीत होते, मागच्या सीटवर, मांडीवर सांबारवडीचा डबा. झाकण उघडलेलंही नव्हतं. गाडी पाइनच्या जंगलातून खाली उतरली, पुन्हा निवडुंग दिसायला लागले. मी मागे वळून मोठ्या ऐटीत विचारलं, "काय पांढरीपांडे, दाखवलं की नाही शेवटी पाणी?"

त्यांनी डबा उघडला, एक वडी ईशाला दिली, एक मला दिली, आणि म्हणाले, "मस्त होतं, वैनी. मी तर दर मार्च-एप्रिलात एकटा येऊन पाहून जातो. पण लोकांना मेमधेच आणतो. पाणी असलं ना, का लोकं पाण्याकडेच पाह्यतात. नसलं, का मंग माझ्याकडे पाह्यतात."