टॉवेलाची खुर्ची

हैबतरावांच्या नोकरीचा आज शेवटचा दिवस होता आणि साहेबांच्या खुर्चीवरचा टॉवेल काही केल्या वाळत नव्हता.

आषाढात मुळशीमध्ये कुणाचंच काही वाळत नाही. कचेरीच्या भिंतींना ओल येते, फायली फुगतात, खिडक्या एकदा लागल्या की दसऱ्याशिवाय उघडत नाहीत. पण टॉवेलाची गोष्ट वेगळी होती. सरकारी कचेरीत साहेब कोण हे दारावरच्या पाटीवरून कुणी ओळखत नाही, कारण पाटी बहुधा आधीच्या साहेबाची असते. ज्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टर्किश टॉवेल, त्या खुर्चीत साहेब, हे मात्र अडाण्यालाही कळतं. हैबतराव शिपाई म्हणून लागले तेव्हापासून हा टॉवेल त्यांच्याकडे होता. साहेब किती आले आणि गेले, टॉवेल धुणारे हात तेच राहिले. आज नवे साहेब हजर होणार होते. त्यांच्यासाठी मळका टॉवेल ठेवून घरी जायचं हे काही हैबतरावांच्या मनाला पटेना, म्हणून त्यांनी तो आदल्या दिवशीच धुऊन टाकला होता.

साहेबांच्या खोलीतला पंखा बंद होता. फिरणारा पंखा तेवढा बाहेरच्या दालनात, कोपऱ्यात होता. हैबतरावांनी त्याच्याखाली एक साधी खुर्ची ओढली आणि तिच्या पाठीवर टॉवेल पसरला. पुढे जे रामायण घडलं, ते इथून सुरू झालं.

खरं तर त्यांचं निम्मं चित्त टॉवेलात होतं आणि निम्मं जीपमध्ये. कचेरीची एक जुनी रीत होती. जो निवृत्त होईल त्याला फेटा बांधून, हार घालून, साहेबांच्या जीपमधून, साहेबांच्याच पुढच्या जागेवर बसवून घरी पोचवायचं. कारकुनांच्या बाबतीत ही रीत बिनचूक पाळली जाई. शिपायाची पाळी आली की जीप नेमकी कामावर गेलेली असे.

आणि नेमकं ह्याच दुखऱ्या जागी त्यांच्या मेव्हण्याने बोट ठेवलं होतं. दादासाहेब म्हणजे हैबतरावांच्या उरवडे गावातली बडी आसामी. थोडी जमीन विकून त्यांनी कारखान्यातल्या कामगारांसाठी खोल्यांची चाळ बांधली होती आणि बोटांत अंगठ्या चढवल्या होत्या. चार माणसांत ते म्हणाले, "दाजी, शिपायाला कोन जीप देतंय? तुमी आपलं टमटमनं या, मी नाक्यावर न्यायला येतो." झालं, हैबतरावांच्या बायकोला, सारजाबाईंना, ते लागलं. त्यांनी सगळ्या आळीला जेवायचं आवतण दिलं आणि वर सांगून टाकलं की, मालक साहेबाच्या जीपनंच येणार हायेत. आता जीप मिळाली नाही तर हैबतरावांना उरवड्यात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

सकाळीच कचेरीतली झाडून सारी मंडळी नव्या साहेबांच्या स्वागताला पिरंगुटच्या चौकात गेली. साहेब म्हणजे पुण्याकडूनच येणार, ह्यात कुणाला शंका नव्हती. आजवरचे सगळे तिकडूनच आले होते. जाताना त्यांनी पुष्पगुच्छ नेला आणि जीपही नेली. निघण्याआधी किशोर नावाच्या तरुण कारकुनाने फेटेवाल्याकडून हैबतरावांना गुलाबी फेटा बांधून घेतला. फेटेवाल्याला पुढे कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला जायचं होतं, तो काही थांबायला तयार नव्हता. गळ्यात हारही घातला. "आज तुम्ही इकडची काडी तिकडं करायची नाही, काका. नुसतं बसून राहायचं," असं बजावून किशोर निघून गेला.

हैबतराव बसले. बाकीच्या खुर्च्या कार्यक्रमासाठी सभागृहात मांडून कुलूप घातलेलं होतं, म्हणून पंख्याखालच्याच खुर्चीत बसले. पाठीच्या उबेने तरी टॉवेल लवकर वाळेल, असाही एक हिशेब त्यात होता.

बसल्या बसल्या त्यांना जुने दिवस आठवू लागले. हीच कचेरी पूर्वी कौलारू होती. टाइपरायटरची कटकट रस्त्यापर्यंत ऐकू यायची, कार्बन पेपराने सगळ्यांची बोटं निळी असायची आणि वाडीवरचं माणूस कामाला आलं की पळसाच्या पानात करवंदं घेऊन यायचं. ती करवंदं टेबलावर ओतली की साहेबापासून शिपायापर्यंत सगळे एकाच ढिगात हात घालायचे. आता संगणक आले, करवंदं यायची थांबली. हैबतरावांचे डोळे भरून आले. तेवढ्यात समोर कुणीतरी येऊन उभं राहिलं.

ताम्हिणीच्या अंगाच्या एका वाडीवरची बाळाबाई होती ती. डोक्यावर पानांचं इरलं, लुगडं गुडघ्यापर्यंत चिंब.

"सायेब, माजी भित पडलीया."

हैबतराव दचकले. "मावशे, म्या सायेब न्हाई. म्या शिपाई हाय हितला."

बाळाबाईने इरलं भिंतीला टेकवलं आणि खाली बसकण मारली. "आसंच म्हनत्यात समदी. ह्यो म्हनतो म्या न्हाई, म्होरल्या खोलीत जा. म्होरला म्हनतो म्या न्हाई, मागल्या खोलीत जा. आता टावेल तुज्या पाठीला, पटका तुज्या डोक्याला, गळ्यात हार, आन तू बी म्हनतोस म्या न्हाई. मंग हाय तरी कोन?"

दारात उभं राहून माणसं परत पाठवायची कला हैबतरावांच्या अंगात मुरलेली होती. साहेब मीटिंगला गेलेत, जीप कामावर हाय, उद्या या. पण ते उभ्याने म्हणायचं असतं. बसलेल्या माणसाला ते म्हणता येत नाही, हे त्यांना आज पहिल्यांदाच कळलं. मग बाळाबाईची सगळी हकिगत ऐकणं आलं. भिंत पडली होती, निम्मं घर उघड्यावर होतं, दोन शेळ्या आणि म्हातारा नवरा उरलेल्या कोपऱ्यात दाटीवाटीने राहत होते. कुणीतरी येऊन पडझड पाहून लिहून नेल्याशिवाय मदत मिळणार नव्हती, आणि बाई आली की दर वेळी जीप कामावर असे. तसं तिला सांगणारे हैबतरावच होते. तिने त्यांना ओळखलं नाही, कारण फेट्याखाली माणूस निराळाच दिसतो.

माणसाच्या जिभेला हाड नसतं, आणि टॉवेल पाठीशी असला की ती जास्तच सैल सुटते. "आज दिस मावळायच्या आत जीप तुज्या दारात यील, मावशे," ते बोलून गेले.

हा शब्द बाहेर व्हरांड्यात पोचला आणि पाच मिनिटांत रांग लागली. आज साहेब जागेवर आहेत आणि चक्क हो म्हणतायत, ही बातमी मुळशीत पावसापेक्षा जोरात पसरते. कुणाचा हातपंप मोडला होता, कुठल्या शाळेचा पत्रा उडाला होता. हैबतरावांनी प्रत्येकाला आधी आपण शिपाई असल्याचं सांगितलं, प्रत्येकाने ते हसून सोडून दिलं, आणि मग "करू काय तरी" असं म्हणावंच लागलं. खोटं कशाला बोला, चौथ्या माणसापासून त्यांना बरंही वाटू लागलं.

तेवढ्यात एक मध्यम वयाचा गृहस्थ आत शिरला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट हातात, अंगभर चिखल. तो सरळ साहेबांच्या खोलीकडे निघाला, तशी रांगेने त्याला अडवलं. बाळाबाई जीप आल्याशिवाय हलणार नव्हती, ती कोपऱ्यातून म्हणाली, "ए दादा, लायनीत. आमी काय हितं वाळवान घालाया आलोय?" गृहस्थ निमूटपणे शेवटी जाऊन उभा राहिला. पुढच्यांची गाऱ्हाणी संपेपर्यंत ऐकत राहिला.

त्याची पाळी आली. हैबतरावांनी विचारलं, "काय काम हाय?"

"हजर व्हायचंय," तो म्हणाला.

हैबतरावांच्या जागी बदली शिपाई पाठवतो, असं जिल्ह्याहून कधीचं कळवलं होतं. तो पाठवला तर आज, आणि तोही असा चिखलातून. उद्यापासून हा माणूस आपल्या स्टुलावर बसणार म्हणून क्षणभर त्यांना वाईट वाटलं. मग माया वाटली. त्यांनी त्याला जवळ बोलावलं आणि सगळी नोकरी त्याच्या पदरात ओतली. साहेबाचा मूड तोंडावर पाहायचा नाही, दाराच्या आवाजावरून ओळखायचा. चहा मागितल्यावर आणला तर तो कसला शिपाई. साहेब ओरडला तर आपण मनातल्या मनात गावच्या जत्रेचा विचार करायचा. एक साहेब होता, बायको माहेरी गेली की हैबतरावांच्या डब्यातली भाकरी मागून खायचा. तो बदलून गेला तेव्हा हैबतराव एसटीच्या मागे धावले होते, कारण त्याचा चष्मा टेबलावर राहिला होता. साहेबाने खिडकीतून चष्मा घेतला आणि रडला. "आता आसं सायेब येत न्हाईत, बाबा. आता येत्यात आन मोबाइलात बगत्यात," हैबतराव म्हणाले.

मग आवाज खाली आणून त्यांनी मनातली गोष्टही सांगितली. जीपची रीत, दादासाहेबांचं बोलणं, सारजाबाईंनी आळीला दिलेलं आवतण, सगळं. "पर नवा सायेब कसा निगतोय कुनाला ठावं. भिजून आला आसंल तर जीप द्यायचा न्हाई."

"भिजलेला साहेब वाईट असतो का?" गृहस्थाने विचारलं.

"लई वाईट. बरं, आता हुबा ऱ्हाऊ नगंस. ती मावशी सकाळधरनं बसलीया, तिला पानी दे आदी."

गृहस्थाने बूट कोपऱ्यात ठेवले, माठातून तांब्या भरला आणि बाळाबाईला पाणी द्यायला वाकला. नेमका त्याच वेळी किशोर दारात आला. मागे सगळी मंडळी होती, हातात मान टाकलेला पुष्पगुच्छ होता. पिरंगुटात उभं राहून राहून त्यांच्या पायांचे तुकडे पडले होते. साहेबांचा फोन लागत नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ते असं. नवे साहेब कोकणातून बदलून आले होते, ताम्हिणी घाटातून. घाटात झाड आडवं पडलं म्हणून गाडी सोडून चालत निघाले आणि पुढे दुधाच्या टेंपोतून कचेरीत पोचले. किशोरने त्यांचा फोटो मोबाइलवर पाहिलेला होता. तो फोटोतला माणूस आता हातात तांब्या घेऊन उभा होता.

"साहेब, तुम्ही? पाणी?" किशोरच्या तोंडून एवढंच निघालं.

हैबतराव ताडकन उठले. ओला टॉवेल त्यांच्या सदऱ्याला चिकटला होता, तोही पाठोपाठ उठला आणि पाठीवर लोंबकळत राहिला. पाचावर धारण बसली म्हणजे काय, ते त्या वेळी त्यांच्याकडे पाहून कुणालाही समजलं असतं. जीप गेली, कार्यक्रम गेला, आता शेवटच्या दिवशी नोटीस घेऊन घरी जायचं.

किशोर त्यांच्यावर खेकसणार, तोच बाळाबाई तोंड पुसत म्हणाली, "जीप कवा निगायची? ह्या सायबानं सबूद दिलाय मला."

"मावशी, हे साहेब नाहीत," किशोर म्हणाला.

"थांबा," नवे साहेब म्हणाले. "त्यांनी शब्द दिला हे खरं आहे. रांगेतल्या सगळ्यांनी मला तेच सांगितलं." मग ते हैबतरावांकडे वळले. आवाजात राग नव्हता, पण चेष्टाही नव्हती. "हैबतराव, जीप एकच आहे. तुमची रीत तुम्ही मला सांगितलीत, ती मला मान्य आहे. शब्दही तुमचाच आहे. उरवडं एका टोकाला, ताम्हिणी दुसऱ्या टोकाला. संध्याकाळच्या आत एकीकडेच जाता येईल. तुम्ही सांगाल तिकडे जीप जाईल."

हैबतरावांना सारजाबाई दिसल्या, ओवाळणीचं ताट दिसलं आणि दादासाहेबांचे हसताना दिसणारे दात दिसले. बाळाबाईला उद्या या म्हटलं की मिटलं असतं. ते वाक्य त्यांनी इतक्या वर्षांत इतक्यांदा म्हटलं होतं की आत्ताही ओठांवर येऊन थांबलं. त्यांनी बाळाबाईकडे पाहिलं. पदर खोचून, इरलं उचलून, ती आपली उठायला लागली होती. तिला पुढचं ठाऊक होतं.

"ताम्हिणीला जाऊ द्या जीप," हैबतराव म्हणाले. म्हणताना त्यांना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलंही नाही.

कार्यक्रम उभ्या उभ्याच झाला. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला, आणि भाषण करायच्या ऐवजी वाकून नमस्कार केला. मग साहेबांना घेऊन जीप निघाली. पुढच्या जागेवर कोण बसणार ह्यावर किशोर काही म्हणणार होता, पण बाळाबाई तोवर इरल्यासकट तिथे चढून बसली होती.

हैबतराव टमटमने निघाले. पाळीवर जाणाऱ्या कामगारांत ते फेट्यासकट अंग चोरून बसले होते. शेजारच्या बिहारी पोराने "चाचा, शादी है क्या?" म्हणून विचारलं. आता कुणाकुणाला काय समजावायचं, म्हणून ते "व्हय" म्हणाले. सगळ्या टमटमने त्यांचं अभिनंदन केलं.

उरवड्यात आळीच्या तोंडाशी सगळे उभे होते. हलगीवाला तयार होता. टमटम थांबली, आतून सहा कामगारांनंतर गुलाबी फेटा उतरला आणि हलगीवाल्याचा हात हवेतच राहिला. सारजाबाईंच्या हातातलं ताट थोडं खाली आलं. दादासाहेब एवढ्याचीच वाट बघत होते.

"का ओ दाजी, जीप कुटं गेली?" त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"ताम्हिणीला. कामावर धाडलीया."

"आसं? कुनी धाडली?"

"म्या," हैबतराव म्हणाले.

त्यांनी हे इतकं साधेपणाने सांगितलं की कुणाला हसायला जमेना. दादासाहेबांनी तरी नेट लावून विचारलं, "आन सायेब?"

"त्यो मागं बसलाय. म्होरं जागा न्हवती."

सारजाबाईंनी दादासाहेबांना बाजूला सारलं, ताट पुन्हा वर उचललं आणि नवऱ्याला ओवाळलं. हलगी कडाडली. हैबतराव घराकडे चालू लागले. दादासाहेबांनी, कुणी सांगितलं नसताना, त्यांच्या हातातला नारळ आणि पिशवी आपल्या हातात घेतली आणि दोन पावलं मागे राहून चालू लागले.