न हलणारं कव्हर

साहेब, त्या कॅमेऱ्याचा जीव तुम्ही घेतलात. पत्रकाखाली सही तुमचीच आहे. 'कार्यालयीन कॅमेरा संरक्षक कव्हरमध्ये ठेवावा. आत कॅमेरा हलता कामा नये.' दोनच ओळी. आयुष्यात एकदा तरी कॅमेरा हातात धरलेल्या माणसानं असलं पत्रक काढलं नसतं.

आमच्या फटीवाल्याचं काय झालं ते ऐका. सरकारी इमारतींच्या भिंतींना गेलेल्या तड्यांचे फोटो काढणं हे त्याचं काम. दर महिन्याला तोच तडा, शेजारी तीच मोजपट्टी. तडा वाढल्याचं फोटोत दिसलं की राहणाऱ्याला दुसरं घर मिळतं. फोटो कचेरीच्याच कॅमेऱ्याचा हवा, मोबाईलचा धरत नाहीत. हाही नियम तुमचाच. या खेपेच्या यादीत चौथ्या मजल्यावरची एक खोली होती. तिथं त्याची थोरली बहीण एकटी राहते. सुनावणी शुक्रवारी.

सहा वर्षं तो कॅमेरा फटीवाल्याच्या बायकोच्या एका लोकरी मोज्यात सुखानं नांदला होता. पत्रक आलं आणि भांडारपालानं तो मोजा मेलेल्या उंदरासारखा चिमटीत धरून परत केला. बुधवारपर्यंत कव्हर दाखव, नाहीतर कॅमेरा जमा कर.

मापाच्या बाबतीत आपला हात धरणारा कुणी नाही, असं बायकोला ऐकवून फटीवाला दुकानात गेला आणि दीड तास हलला नाही. प्रत्येक कव्हरात कॅमेरा घालायचा, कानाशी धरायचा आणि बंद पडलेलं घड्याळ ऐकावं तसा हलवायचा. दुकानदारानं चांगल्या मनानं सांगून पाहिलं की जरा सैल घ्या, बटण वरच आहे, दाबलं जाईल.

"तुम्ही विका. मापाचं मला कळतं," फटीवाला म्हणाला.

घेतलं ते सगळ्यात साधं, काळं आणि सगळ्यात घट्ट. कॅमेरा आत सारायला गुडघा लावावा लागला. भांडारपालानं खडखडवून पाहिलं, आतून हूं की चूं नाही. त्यानं खूश होऊन शेरा मारला.

गुरुवारी ताईकडचे जिने चढताना फटीवाल्याच्या पिशवीत काहीतरी घरघरलं, डबीत भुंगा कोंडल्यासारखं. कव्हरनं बटण दाबलं होतं. लेन्सची नळी बाहेर यायला धडपडत होती आणि बाहेर यायला जागाच नव्हती. चौथ्या मजल्यावर घरघर थांबली. ताईनं कव्हर धरलं, यानं कॅमेरा ओढला, तेव्हा कुठे तो निघाला. नळी वाकडी, पडदा काळा.

तड्यात आता पंजा जात होता. वारा येतो म्हणून ताईनं त्यात चिंध्या कोंबल्या होत्या. ती कव्हर हातात फिरवत म्हणाली, "कॅमेऱ्याला घर मिळालं रे, अगदी मापाचं. माझं कधी?"



फटीवाला तसाच भांडारात धावला. भांडारपालानं कव्हर उजेडात धरून चारी बाजूंनी न्याहाळलं.

"कव्हरला ओरखडा नाही. मग कॅमेरा बिघडेल कसा?"

"कव्हरनंच बिघडवला."

"तसा रकाना नाही."

बिघाडाच्या अर्जात रकाने दोनच होते, 'कव्हर नव्हतं' आणि 'कव्हर फुटलं'. फटीवाल्यानं हात जोडले, मग आवाज चढवला, मग पुन्हा हात जोडले. दुसरा कॅमेरा मिळाला नाही.

शुक्रवारी नवा फोटो नाही म्हणून त्याच्या जागीही मागच्या महिन्याचाच लावला गेला. दोन्ही फोटो हुबेहूब सारखे निघाले, निघणारच! 'तडा स्थिर' असं लिहिलं गेलं, पुढची तारीख सहा महिन्यांनी. खाली सही तुमची.

फटीवाला ताईला म्हणाला, माझ्याकडे चल. ताईनं त्याला वेड्यात काढलं. खोली सोडली तर घरावरचा हक्क जातो, हे तिला त्याच्यापेक्षा जास्त पाठ आहे. तिनं पलंग त्या भिंतीपासून ओढून दाराला लावलाय आणि शेजारणींना सांगते, इथं उजेड बरा येतो.

साहेब, ती भिंत सहा महिने थांबणार, हे तुम्ही कुणाच्या भरवशावर लिहिलंत? उत्तर हवंय. टपालानं नको. चार जिने चढा आणि त्या भिंतीला पाठ टेकून उत्तर द्या.