भिंतीखालची भेग

"पाण्यासाठी यापुढे तुझ्या दादाच्या तोंडाकडे बघणार नाही!" असं बायकोला जाहीर करून खडकसरांनी अंगणात नव्या बोअरसाठी खडूने फुली मारली.

खडकसर म्हणजे भूशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. नाव विद्यार्थ्यांनी ठेवलेलं, पण रागावली की बायकोही तेच वापरायची. बायकोचे थोरले भाऊ भिंतीला भिंत लागून राहत आणि त्यांच्या बोअरमधून एक नळी भिंतीवरून सरांच्या टाकीत यायची. पाणी भरपूर यायचं, पण रोज सकाळी त्यासोबत मेहुण्यांचा प्रश्नही यायचा. "काय भाऊजी, पुरतंय ना? घ्या, घ्या, आपलंच आहे!" परवा तो प्रश्न पाहुण्यांसमोर आला आणि सरांच्या घशाखाली पाणी उतरेना.

"अहो, पण दादाची बोअर इतकी जवळ आहे. त्याचंच पाणी आपल्याला लागलं तर?"

"शक्य नाही. वर मुरूम आहे आणि खाली अखंड ग्रॅनाइट. दगडात पाणी नसतं, भेगांत असतं. त्यांची भेग वेगळी, माझी वेगळी. माझा अभ्यास आहे!"

बोअरची गाडी आली तसे मेहुणे हौसेने भिंतीपलीकडे खुर्ची टाकून बसले. शेजारीच त्यांची बोअर होती आणि तिच्या तोंडावर त्यांनी लाडक्या गुलाबाची कुंडी ठेवली होती.

मुरूम भराभर संपला, दगड लागला आणि धुरळा उडू लागला. ओलाव्याचं नाव नाही. बघता बघता सर, बोअरवाला आणि वाळत घातलेले कपडे एकाच रंगाचे झाले.

"भाऊजी, पीठ दळून झालं की सांगा," मेहुणे ओरडले. "कणीक मळायला पाणी देतो!"

सरांचं तोंड एवढंसं झालं. आता पाणी लागलं नाही तर जन्मभर तो प्रश्न ऐकावा लागणार होता. "चालू दे!" ते कसेबसे म्हणाले.

तेवढ्यात मशीनने गचका खाल्ला आणि धुरळा एकदम बंद झाला.

"साहेब, हवा गेली!" बोअरवाला घाबरला. "धुरळा वर ढकलायला खाली एवढ्या जोरात सोडतोय, वर येतच नाही."

"मग जाते कुठे?"

उत्तर भिंतीपलीकडून आलं. आधी खालून गुरगुर ऐकू आली, मग गुलाबाची कुंडी आभाळात गेली आणि तिच्यामागे गढूळ पाण्याचा खांब उसळला. खुर्ची आडवी झाली होती आणि मेहुणे डोक्यापासून पायापर्यंत चिखल होऊन उभे होते.

"अहो, दादा भिजला!" बायको किंचाळली.

"भिजू दे! भेग लागली! भेग लागली!" सरांनी बोअरवाल्याला मिठी मारली. तोवर अंगणातल्या नव्या बोअरमधूनही कारंजं उडालं. सर त्याखाली लहान मुलासारखे नाचले. इतका आनंद त्यांना निवृत्तीच्या दिवशीही झाला नव्हता.

बायको मात्र आळीपाळीने दोन्ही कारंज्यांकडे बघत होती. "इथली हवा तिथून निघाली. म्हणजे भेग एकच ना?"

सर नाचता नाचता थांबले. "प्रथमदर्शनी तरी," ते म्हणाले.

नव्या बोअरवर पंप बसवला आणि ती शंकाही फिटली. सरांनी बटण दाबलं की मेहुण्यांचा नळ खोकायचा, मेहुण्यांनी दाबलं की सरांचा. मग दोघेही एकमेकांच्या पंपाचा आवाज आला रे आला की आपापल्या बटणाकडे धावू लागले. शेवटी भेगेतलं पाणी खाली गेलं आणि दोन्ही नळांतून नुसती हवा येऊ लागली. बायको दोन्ही घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "यापुढे पंप लावायच्या आधी दुसऱ्याला विचारायचं. दादा, तूसुद्धा! नाहीतर मी दोन्ही बटणं काढून फेकून देईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर भिंतीशी जाऊन उभे राहिले. दोनदा खाकरले. पलीकडे मेहुणे गुलाब नव्या कुंडीत लावत होते.

"काय हो," सर आभाळाकडे बघत म्हणाले, "पंप लावू का?"

मेहुण्यांचा चेहरा उजळला.

"लावा की, भाऊजी! पुरतंय ना? घ्या, घ्या, आपलंच आहे!"