रविराज खलनायक आणि सर्जेराव मेंढा यांची राहू मुक्कामीची झुंज

श्रीगजाननास वंदन करोन, राहू गावच्या शिवारी खासे रविराज यांणी हास्यमुलुखावर जी मोहीम केली, तिची हकिकत जैसी घडली तैसी लिहितो, पदरचे काही घालीत नाही.

रविराज म्हणजे पडद्यावरील नामांकित खलनायक. भुवई चढविली की थेटरातील पोरे आयांमागे दडत, आणि पटात मरणे आले तरी खासे उभ्याने मरत, कारण पडणे करारातच नव्हते. परंतु मातुश्री झुंबरबाई शिरूरच्या थेटरात गेल्या, तेथे लेक कोणा गरीब बाईस छळू लागला, तशा मध्यंतरापूर्वीच उठोन आल्या, आणि मग बाजारात बायांनी टोचून बोलावे व मातुश्रींनी पदर पुढे ओढावा. हे शल्य खाशांच्या काळजात फार होते. सबब खलनायकी सोडोन विनोदी पट स्वीकारिला, जोडीस सरदार सर्जेराव, म्हणजे मेंढपाळ बानूबाईंच्या कळपातील टकरीचा मेंढा घेतला, आणि मातुश्रींची खुर्ची कॅमेऱ्याशेजारी मांडविली.

दिग्दर्शिका अनुपमाबाई यांची मसलत ऐसी की, रविराजांनी हात जोडोन मान लववावी आणि मेंढ्याने त्यांच्या टोपीवरील मका खावा. बानूबाईंनी अर्ज गुजरला की, टकरीच्या मेंढ्यापुढे मान खाली घालणे म्हणजे झुंजीचे आवतण, ते देऊ नये. परंतु रांजणगावच्या कारखान्याची पाळी सुटोन कामगारांची बस बघ्यांसह तेथेच थांबली, आणि शिट्ट्यांत अर्ज बुडाला.

मग रविराजांनी मान लवविली, आणि सर्जेराव मागे सरले, आणि मग जी धडक दिली तिजसरशी खासे शेणखताच्या ढिगात गडप जाहले, आणि मुलूख कापविणारी ती मिशी गोंद सुटोन हनुवटीस लोंबू लागली. सर्जेराव मका खात उभे.

खासे उठोन बसले, भुवई चढली, युनिटाची फौज चळचळा कापू लागली, अनुपमाबाईंनी छत्रीमागे आश्रय घेतला. इतक्यात खुर्चीवरोन हसू फुटले. मातुश्री तोंडात पदर कोंबोन हसत होत्या, डोळ्यांस पाणी आले होते, आणि तैशाच वदल्या,

"आगं बानू, बघ की, ह्यो माझा रव्या हाय. ल्हानपनी बी आसाच पडायचा."

ते ऐकोन खाशांची भुवई उतरली. मग अंगावरील शेण न झटकता सर्जेरावांसमोर गेले आणि आपखुशीने पुन्हा मान लवविली.

खाशांस बरगडीत मुका मार, मातुश्रींस हसोन पोटदुखी; ऐसी फत्ते राहू मुक्कामी जाहली, ती खरी म्हणोन येथे नोंदिली असे.