शाळेतली एकमेव आजारी मुलगी

शाळेच्या पटावर सहाशे बारा मुलं आहेत. त्यांतली सहाशे अकरा निरोगी आहेत. उरलेली एक माझी नात आहे. ही माहिती फाटकाजवळच्या हिरव्या फळ्यावर रोज सकाळी आठ वाजता खडूने लिहिली जाते आणि येणारे-जाणारे ती वाचून समाधानाने मान हलवतात. नातीला घरी आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. फळ्यावर तिचं नाव नसतं, नुसता आकडा असतो. पण तो एक म्हणजे कोण, हे पहिलीतलं पोरही सांगेल.

हे कसं झालं ते सांगते. चूक माझीच आहे. मी खरं बोलले.

मुलगा आणि सून दोघंही साडेसातच्या आत कामाला बाहेर पडतात. त्यामुळे शाळेचं ‘दैनिक आरोग्य घोषणापत्र’ मोबाइलवर भरण्याचं खातं माझ्याकडे आहे. ते पावणेआठच्या आत भरावं लागतं. प्रश्न एकच असतो : ‘आपल्या पाल्यास आज ताप, सर्दी वा खोकला आहे काय?’ खाली दोन चौकोन. ‘नाही’ दाबलं की हिरवी खूण येते आणि एक हसरा सूर्य उगवतो. ‘होय’ दाबलं तर काय होतं, हे तोवर कोणीच पाहिलेलं नव्हतं. मी पाहिलं. त्या सकाळी भिंगरीचं अंग तापलं होतं, नाक वाहत होतं आणि पारा शंभराच्या वर दोन रेघा चढला होता. मी ‘होय’ दाबलं. सूर्य काही उगवला नाही. आणखी तेवीस प्रश्न आले. त्यांतला सतरावा होता, ‘हा ताप घोषित करण्यामागील आपला हेतू काय?’ मी लिहिलं, ‘ताप आहे.’

तीन दिवस मी तिला घरी ठेवलं. ती गरम पाणी प्याली, झोपली, कुरकुरली आणि चौथ्या दिवशी पलंगावरून उड्या मारायला लागली. मी तिला शाळेत घेऊन गेले. फाटकावर खेळाचे सर उभे होते. शाळेचं आरोग्यही हल्ली त्यांच्याकडेच दिलेलं आहे, कारण शिट्टी त्यांच्याकडे आहे.

“आजी, हिला वर्गात नाही बसता यायचं,” ते म्हणाले.

“का हो? बरी झालीय. ही बघा डॉक्टरांची चिठ्ठी.”

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. “यात ती बरी आहे एवढंच लिहिलंय. ती आजारी नव्हती असं कुठं लिहिलंय?”

मग त्यांनी भिंगरीला खेळाच्या सामानाच्या खोलीत नेलं. तिथे चेंडूंच्या जाळीशेजारी एक बाक आणि एक फळा मांडलेला होता. दारावर ताजी पाटी होती : ‘निरीक्षण तुकडी. पटसंख्या १.’

मी तडक मुख्याध्यापिकाबाईंकडे गेले. बाई सभ्य आहेत. नाकाचा शेंडा लाल, हातात रुमाल, दुसरा रुमाल हजेरीपटात खुणेला घातलेला.

“आजी, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा,” त्या भरल्या नाकाने म्हणाल्या. “सकाळी आठ वाजता शाळेत एकही मूल आजारी नसतं. सहाशे अकरा पालकांनी तसं लिहून दिलेलं असतं. आणि दुपारी बाराला विश्रांती-खोलीत पाय ठेवायला जागा नसते. एकशे चाळीस पोरं तापाने फणफणलेली. मग हा आजार आला कुठून? कागदोपत्री आजारी असलेलं मूल शाळेत एकच.”

“अहो, पण ती तीन दिवस घरी होती!”

“त्याच्या आदल्या दिवशी होती ना शाळेत?” बाईंनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “नियम अगदी साधा आहे. आजारी एकच असेल तर तो उगम. दोन झाले की ती साथ. उगमाला वेगळं ठेवायचं असतं. साथ असेल तर शाळेला चार दिवस सुट्टी द्यायची, वर्ग धुऊन काढायचे आणि मग सगळ्यांना परत बसवायचं.”

“म्हणजे अजून एका घरानं ‘होय’ म्हटलं तर?”

“तर तुमची नात साथीत जमा. ही तुकडी त्याच दिवशी बंद.” त्या शिंकल्या. “एक घर आणा, आजी. माझं काही म्हणणं नाही.”

मी खूश होऊन घरी आले. आयुष्य कचेरीत काढलेली बाई मी. मला वाटलं, सहाशे अकरा घरांत एक खरं बोलणारं घर सापडायला कितीसा वेळ लागणार?

पहिली भेटली खालच्या मजल्यावरची. तिचा मुलगा भिंगरीच्याच वर्गात आहे. रोज साडेसातला आमच्या जिन्यात संत्र्याच्या गोळीसारखा वास येतो, तो तिच्या घरातून येतो, हे मला ठाऊक होतं. तिने दार उघडलं तेव्हा तिच्या एका हातात मुलाचा बूट होता आणि दुसऱ्या हातात गुलाबी औषधाचा चमचा.

“काकू, तुम्ही पण ना!” ती म्हणाली. “‘होय’ कोणी दाबतं का?”

“अगं, ताप होता.”

“ताप काय, सगळ्यांनाच असतो. दाबायचा नसतो.” तिने मुलाच्या तोंडात चमचा घातला. “हे दिलं की चार तास बघायला नको. फाटकावर कपाळाला यंत्र लावतात ना, तेव्हा पोर कसं काकडीसारखं गार लागतं.”

“आणि चार तासांनी?”

“चार तासांनी ते शाळेत असतं ना!”

“मग एक दिवस ‘होय’ म्हण ना. माझी नात सुटेल.”

ती बूट हातात घेऊन तशीच थांबली. तिचा चेहरा खरोखर कळवळला. “काकू, मी म्हटलं असतं हो. पण मग शाळेला चार दिवस सुट्टी लागेल. चार दिवस याला कोण सांभाळणार? मला रजा नाही. ह्यांना तर नाहीच नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “तिसऱ्या मजल्यावर विचारून बघा. त्या घरीच असतात.”

तिसऱ्या मजल्यावरची म्हणाली, मी घरीच असते म्हणून तर मला चार दिवसांची भीती वाटते.

अशी मी छत्तीस घरं केली. सगळ्यांनी मला बसायला खुर्ची दिली, सगळ्यांनी भिंगरीची चौकशी केली आणि सगळ्यांनी दुसऱ्या एका घराचा पत्ता दिला. सदतिसावा पत्ता माझाच निघाला.

इकडे शाळाही स्वस्थ बसलेली नव्हती. ताप बाराला येतो आणि बाराला गणिताचा तास असतो, हे बाईंच्या लक्षात आलं. गणित सकाळी पहिल्या तासाला नेलं आणि बाराला गाणं आणलं. ताप बाराला आला. गाणं हलवून भूगोल आणला. ताप बाराला आला. असे एकेक करून सगळे विषय निर्दोष सुटले. तेव्हा शाळेच्या समितीने ठरवलं की दोष बारा या वेळेचा आहे आणि शाळा साडेअकरालाच सोडावी.

त्या दिवशी पालक प्रथमच एकत्र आले. एका संध्याकाळीत तीनशे पत्रं शाळेत पोचली. सगळ्यांत एकच मजकूर होता : ‘मुलांचे अपरिमित शैक्षणिक नुकसान.’ साडेअकराला घरी आलेलं मूल कोणाच्या हवाली करायचं, हा प्रश्न कोणीही लिहिला नव्हता. निर्णय मागे घेतला गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून डब्याबरोबर बोटभर उंचीच्या गुलाबी बाटल्या येऊ लागल्या.

खेळाच्या सरांनी पहिल्या दिवशी त्या जप्त केल्या. त्या दिवशी बाराला दोनशे दहा मुलं आडवी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी डोळेझाक केली आणि बाराला एकही आडवं झालं नाही. शाळा चालवणारी माणसं अनुभवातून शिकणारी असतात. तिसऱ्या दिवशी वेळापत्रकात ‘पेय अवकाश’ आला. बाराला दहा मिनिटं कमी असताना पहिली शिट्टी : बाटल्या वर. दुसरी शिट्टी : घोट. तिसरी शिट्टी : झाकण लावा. सहाशे अकरा मुलं एका दमात. सरांनी कवायत इतकी छान बसवली की पाहुणे बघायला येऊ लागले. आता ताप चारला येतो आणि शाळा साडेतीनला सुटते. म्हणजे तो शाळेच्या हद्दीत येतच नाही.

मुलांचं म्हणाल तर ती खोकत असतात. पाढे म्हणताना सात साते एकोणपन्नास झालं की खोकण्यासाठी थांबायचं, असा वर्गावर्गात दंडक पडला आहे. गाण्याच्या बाईंचा आवाज महिनाभरापूर्वी बसला तो उठलाच नाही. त्या हातवारे करून शिकवतात आणि मुलं मनात गातात. आम्ही पाचवीत होतो तेव्हा आमच्या शाळेतली मावशी दारात उभी राहून प्रत्येकीच्या कपाळाला हाताची उलटी बाजू लावायची. गरम लागलं की पुढचं-मागचं काही न विचारता घरी परत. तिला शिट्टी नव्हती. मला हे सगळं लख्ख आठवतं. माझी स्मरणशक्ती पहिल्यापासून दांडगी.

आणि भिंगरी? खेळाच्या सामानाच्या खोलीला दोन मोठ्या खिडक्या आहेत. आत कोणी खोकत नाही, कारण आत कोणी नाही. तिला त्या चौथ्या दिवसानंतर साधी शिंकही आलेली नाही. गाल वर आलेत, उंची बोटभर वाढलीय. मध्ये तपासणीला शिक्षण खात्याचे साहेब आले, पेय अवकाशाच्या जरा आधीच, त्यांनी मुलांच्या कपाळांची सरासरी काढली आणि शेरा मारला की निरीक्षण तुकडीतील विद्यार्थिनी शाळेच्या सर्वसाधारण तापमानापेक्षा दीड अंशाने कमी असून तिच्यावर लक्ष ठेवणे इष्ट.

पण आताशा ती घरी फिरत नाही. खिडकीच्या कट्ट्यावर बसून राहते. तिची मैत्रीण मधल्या सुट्टीत लांबून हात हलवते, जवळ येत नाही. मैत्रिणीच्या आईने तशी तंबी दिलीय.

“आजी, मी कधी बरी होणार गं?” तिने एकदा विचारलं.

“अगं, तू बरीच आहेस.”

“हो, पण कधी होणार?”

मी तिच्या केसांना तेल लावत होते. मी वेणी जरा घट्टच घातली.

मग गेल्या शनिवारी पालकसभा झाली. शाळेला ‘संपूर्ण निरोगी शाळा’ अशी ढाल मिळाली होती, ती दाखवायला बोलावलं होतं. सभागृह गच्च भरलं होतं. मी आणि मुलगा पुढे बसलो होतो. बाईंचं भाषण झालं, अधूनमधून शिंका झाल्या. शेवटी त्या म्हणाल्या, “कोणाला काही विचारायचंय?”

मी उभी राहिले. गुडघे दुखत होते, तरी राहिले.

“मला कोणाला नावं ठेवायची नाहीत,” मी म्हणाले. “फक्त एक हात वर हवाय. आज सकाळी आपल्या मुलाच्या अंगात ताप होता, एवढं एकाने कबूल करावं. चार दिवस सगळी घरी बसतील, बरी होतील आणि माझी नात तिच्या बाकावर परत जाईल. आमच्या वेळी हे मागावं लागत नव्हतं. आमच्या वेळी आया असं काही करत नव्हत्या. पोराला ताप आला की आई काम सोडून...”

मुलाने माझा पदर ओढला. “आई, बस.”

“का बसू?”

“चौथीत मला गालगुंड झालं होतं,” तो कुजबुजला, पण पुढच्या तीन रांगांना ऐकू गेलं. “तुझी त्या दिवशी बढतीची मुलाखत होती. तू माझ्या तोंडाभोवती मफलर गुंडाळलास आणि शाळेत पाठवलंस. कडक उन्हाळा होता, आई. त्या वर्षीचा वर्गाचा फोटो बघ. सगळा वर्ग गुबगुबीत दिसतो.”

मी आठवून पाहिलं. मुलाखत आठवली. साडी कोणती नेसले होते तेही आठवलं. मग हळूहळू मफलर आठवला. तपकिरी होता.

एकदा उभं राहिल्यावर मागे काय हटायचं? मी हात वर केला. “हा घ्या हात,” मी म्हणाले. “मी केलंय. ताप असलेलं मूल मी शाळेत पाठवलंय. लिहून घ्या.”

 बाईंनी नियमांची वही चाळली. खेळाच्या सरांशी बोलल्या. मग मृदू आवाजात म्हणाल्या, “पाल्य कुठंय, आजी?”

मी मुलाकडे बोट दाखवलं. तो एक्केचाळीस वर्षांचा आहे आणि त्याला टक्कल पडलंय. सरांनी सवयीने पुढे होऊन त्याच्या कपाळाला यंत्र लावलं.

“हे सध्या पटावर नाहीत,” बाई म्हणाल्या. “शिवाय तुमच्या घराचा हात आधीच मोजलेला आहे. दुसरं घर हवं.” मग त्या सगळ्यांकडे वळल्या. त्यांनाही बहुधा झोपायला चार दिवस हवे होते. “आहे का कोणी? एकच हात पुरे.”

मी वळून पाहिलं. खालच्या मजल्यावरची चपलेचा पट्टा लावत होती. तिसऱ्या मजल्यावरची छत बघत होती. आणि मागून तिसऱ्या रांगेत, खिडकीच्या कडेला, तुम्ही होतात. हो, तुम्हीच. इतका वेळ हे वाचताना हसलात, माझी हरकत नाही. तुमचं मूल तुमच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलं होतं, कान लालबुंद, ओठ सुकलेले. माझी आणि तुमची नजरानजर झाली. तुमचा हात गुडघ्यावरून उचलला गेला, मी पाहिला. छातीपर्यंत आला. मला वाटलं, सुटली माझी पोर.

त्या हाताने तुम्ही मुलाचं कपाळ झाकलंत.