हा महेंद्र कोण?

रविवारी सकाळी डायनिंग टेबलावर कागद पसरून बसलेला दिपेश म्हात्रे महेंद्रपाशी येऊन अडला होता.

कॉलेज सुटून पंचवीस वर्षं झाली म्हणून त्यांची कल्याणची बॅच पुढच्या महिन्यात एकत्र भेटणार होती. हॉल दिपेशने ठरवला होता, केटरर दिपेशने ठरवला होता. प्रत्येकाला स्टेजवर बोलवायचं, त्याची कॉलेजातली एखादी आठवण सांगायची आणि हातात स्मृतिचिन्ह द्यायचं, ही कल्पनाही दिपेशचीच. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले, म्हणजेच आठवणी लिहायचं कामही त्याच्याकडेच आलं. डोंबिवलीत त्याचं टाइल्सचं दुकान होतं. तिथे दिवसभर गिऱ्हाइकं बाथरूमच्या रंगावरून नवरा-बायकोची भांडणं घेऊन यायची. त्यापेक्षा हे काम त्याला फार बरं वाटत होतं.

बाकीच्यांचं जमलं. कुणाचं जमलं नाही तिथे त्याने ‘हसतमुख’ असं लिहून टाकलं. पण महेंद्रबद्दल त्याला काहीच आठवेना. चेहरा नाही, आवाज नाही, आडनावही नाही. ग्रुपवर तो नुसता ‘महेंद्र’ होता आणि फोटोच्या जागी एक बंद हिरवं दार होतं.

गंमत म्हणजे महेंद्रला मात्र सगळं आठवायचं. रुपालीने मुलीच्या नाचाचे फोटो टाकले, तेव्हा त्याने लिहिलं होतं, ‘तूपण गॅदरिंगला नाचलेलीस. घुंगरू तुटलेलं तरी थांबली नाहीस.’ प्रभाकरने गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळवलं, तर महेंद्रने त्याला कॉलेजच्या जिन्यावरून पडलेल्या दिवसाची आठवण करून दिली. सकाळी कुणीही काहीही टाको, पहिलं उत्तर महेंद्रचं असे. कधीकधी दिपेशला वाटे, आपण लिहायच्या आधीच हा माणूस ते वाचून बसलेला असतो.

त्याने रुपालीला फोन लावला. ती ठाण्याला बँकेत नोकरीला होती. बॅचमधली ती सगळ्यात हुशार मुलगी होती आणि अजूनही तसंच बोलायची. महेंद्र आठवतो का, असं त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. मग रुपाली म्हणाली, न आठवायला काय झालं, उंच होता, सावळा, शांत, मागे बसायचा.

स्मृतिचिन्हांची ऑर्डर द्यायला तो त्याच दिवशी ठाण्यात टेंभी नाक्याला गेला. तिथे जवळच राहणारा नयन त्याच्यासोबत दुकानात आला. त्यालाही त्याने हाच प्रश्न विचारला. नयनने काचेमागच्या ट्रॉफ्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, महेंद्र ना, तो बुटका, गोरासा. शांत. मागे बसायचा.

उंच आणि बुटका यांच्यामध्ये बराच माणूस राहतो. परत येताना दिपेश त्याच विचारात होता. घरी आल्यावर त्याने बॅचचा ग्रुप फोटो मोबाइलवर मोठा करून पाहिला. सगळे चेहरे ओळखीचे निघाले. कडेला खांबाआडून एक अर्धा चेहरा डोकावत होता, पण तो स्वतः दिपेशचा होता. फोटोच्या दिवशी त्याला यायला उशीर झालेला आणि तो घाईत कडेला उभा राहिलेला, हे तो बायकोला आणि मुलीला कितीदा तरी सांगून चुकला होता. महेंद्र फोटोत कुठेच नव्हता.

दिपेशने घाईने नयनला लिहिलं, ‘खरं सांग, तुला तरी माहितीय का? हा महेंद्र कोण?’

पाठवून झाल्यावर त्याला दिसलं की मेसेज नयनला गेला नव्हता. ग्रुपवर गेला होता.

त्याची बायको संचिता स्वयंपाकघरातून बाहेर आली, तेव्हा तो मोबाइल दोन्ही हातांत धरून उभा होता. काय झालं ते कळल्यावर तिने मोबाइल काढून घेतला, मेसेज सगळ्यांकडून पुसून टाकला आणि त्याला बसायला सांगितलं. रविवारची दुपार आहे, सगळे झोपलेत, कुणी वाचला नसेल, असं ती म्हणत असतानाच तिच्या हातातला मोबाइल थरथरला. महेंद्रने त्याला एकट्याला लिहिलं होतं.

‘घरी ये ना. भेटल्यावर आठवेल.’

खाली कल्याणजवळच्या मोहने गावातला पत्ता होता.

संचिताच्या मते माणसाचं मन दुखावलं होतं आणि जाऊन माफी मागणं भाग होतं. दिपेशच्या मते तो माणूसच आहे की नाही, इथून सुरुवात होती. शेवटी पुढच्या रविवारी तिने त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा दिला आणि दार लावून घेतलं. कधी येतोय ते त्याने महेंद्रला कळवलं नाही. न कळवता गेलं तर तो घरी नसण्याची शक्यता होती, आणि दिपेशची सगळी भिस्त त्याच शक्यतेवर होती.

शहाडच्या पुलावरून स्कूटर मोहन्याकडे वळली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पत्ता एका जुन्या कामगार वसाहतीतला होता. कारखाना बंद पडून वर्षं झाली होती आणि बहुतेक खोल्यांना कुलपं होती. व्हरांड्यांत पिंपळाची रोपं उगवली होती. कुठे रेडिओ नाही, कुठे कुकरची शिटी नाही. एका झाडाखाली खुर्ची टाकून एक म्हातारा बसला होता. दिपेशने त्याला महेंद्रचं घर विचारलं. म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला, मग त्याने फक्त एका दाराकडे हात लांब केला.

हिरवं दार फोटोतल्यासारखंच बंद होतं. दिपेशने कडी वाजवायला हात उचलला तोच ते उघडलं. दारात पांढऱ्या केसांची, बारीकशी बाई उभी होती.

“आलास? ये. महेंद्र म्हणालेला, आज येशील,” ती म्हणाली. “किती सुटलास रे. आधी आलेलास तेव्हा काठी होतास नुसती.”

दिपेश या घरात जन्मात कधी आला नव्हता. पण त्या वसाहतीत, त्या उन्हात, त्या बाईला नाही म्हणणं त्याला जमेना. “हो काकी,” तो म्हणाला, “आता वजन वाढलंय,” आणि आत जाऊन बसला.

आतून महेंद्र आला. तो उंच नव्हता आणि बुटकाही नव्हता. सावळा की गोरा, ते त्या अंधाऱ्या खोलीत सांगता येत नव्हतं. चेहरा असा होता की बघताना ओळखीचा वाटावा आणि नजर वळवली की पुसला जावा. त्याची आई, रखमाबाई, चहा टाकायला गेल्या. दोघंही पंख्याकडे बघत राहिले. शेवटी महेंद्रच बोलला.

“खरं सांग, तुला मी आठवतो?”

दिपेशने खूप प्रयत्न केला. मग त्याने मान हलवली. “नाही रे. सॉरी.”

महेंद्रने सुटकेचा श्वास सोडला आणि तो खुर्चीत मागे रेलला. “बरं झालं. मलापण तू आठवत नाहीस.”

दिपेशला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. दिपेशने तो मेसेज लिहायच्या खूप आधी रुपालीने इथे फोन केला होता, असं महेंद्र सांगू लागला. ग्रुपवर सगळं ठरवणारा हा दिपेश म्हात्रे आपल्या वर्गात होता का, असं ती विचारत होती. मग नयननेही विचारलं, प्रभाकरनेही. कुणालाच तो आठवत नव्हता. पण हॉल तो बघतोय, केटरर तो बघतोय, म्हटल्यावर त्याला तोंडावर विचारणार कोण?

“मग तू काय सांगितलंस?” दिपेशचा आवाज त्यालाच परका वाटला.

“सांगितलं, आठवतो की. शांत मुलगा, मागे बसायचा.”

रखमाबाईंनी आणून दिलेला चहाचा कप दिपेशने तसाच खाली ठेवला. त्याच्या डोळ्यांपुढून कॉलेजची वर्षं झरझर सरकली आणि त्यांत सकाळची लेक्चर्स फार थोडी निघाली. सकाळी तो वडिलांच्या रेती-विटांच्या डेपोवर बसलेला असे. कॉलेजात पोहोचायचा तेव्हा वर्ग सुटत आलेला असे. बाकीच्यांना हसताना त्याने पाहिलं होतं, ते कशावर हसतायत हे मात्र त्याला कधी कळलं नव्हतं. तरीही ती आपलीच वर्षं, आपलीच माणसं, असं तो इतकी वर्षं घरी सांगत आला होता.

त्याने घाईघाईने मोबाइल काढला आणि महेंद्रला खांबाआडचा चेहरा दाखवला. हा बघ, हा मी, म्हणाला.

महेंद्रने चष्मा वर केला. “अरे, तो मी आहे.”

दोघांनी बराच वेळ त्या अर्ध्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो दोघांसारखाही दिसत होता आणि कुणासारखाच दिसत नव्हता. मग बाकीच्यांच्या इतक्या आठवणी तुझ्याकडे कुठून, असं दिपेशने विचारलं. महेंद्र म्हणाला, त्यांनीच ग्रुपवर कधी ना कधी लिहिलेल्या असतात. स्वतः लिहून विसरून जातात, दुसऱ्याचं कुणी वाचत नाही. मी वाचतो, इकडे दुसरं आहे काय?

ते ऐकल्यावर दिपेशची भीती बरीचशी गेली आणि त्या जागी काहीतरी वेगळंच येऊन बसलं. आता सगळ्यांसमोर उभं राहायचं होतं, आणि दोघांपैकी एकालाही पंचवीस वर्षांपूर्वी पाहिलेला साक्षीदार नव्हता. तेव्हा महेंद्रनेच सुचवलं की आपण एकमेकांचे साक्षीदार होऊ. तुझ्या आठवणीत मी, माझ्या आठवणीत तू.

चहा गार होईपर्यंत त्यांनी एक सहल तयार केली. टिटवाळ्याला गेलेलो, तिथून काळू नदीवर गेलो, एका होडीत बसलो. मध्यावर वल्हं पाण्यात पडलं. होडी वाहत गेली आणि पुढे कुठेतरी काठाला लागली. महेंद्रने पाण्यात उडी मारायला निघालेला दिपेश घातला, दिपेशने त्याला शर्टाला धरून मागे खेचणारा महेंद्र घातला. कपडे भिजले, हसून पोट दुखलं. हसण्याचा भाग रचताना दोघांना खरंच हसू आलं.

रखमाबाई दारात उभ्या होत्या. “तेव्हा ओल्या कपड्यांनी आलेलात ना घरी,” त्या म्हणाल्या. “मी ओरडलेली तुमच्यावर.”

महेंद्रने आईकडे पाहिलं आणि दिपेशने महेंद्रकडे. परत जाताना दिपेशने झाडाखालच्या खुर्चीकडे बघायचं टाळलं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. दिपेशने एकेकाची आठवण सांगितली, एकेकाचे डोळे पाणावले. महेंद्रची पाळी आली, तेव्हा त्याने होडीची गोष्ट सांगायला घेतली. रुपाली समोरच बसली होती. वल्हं पाण्यात पडलं, इथपर्यंत तो आला आणि ती जोरात हसली.

“मी होते की त्या होडीत. माझी चप्पल गेली वाहून.”

दिपेश थांबला. चप्पल त्यांनी घातली नव्हती. मग नयन उभा राहिला आणि नावाड्याची दाढी कशी होती ते हाताने दाखवू लागला. नावाडीही त्यांनी घातला नव्हता. प्रभाकरला पाण्याचा वास आठवत होता. बघता बघता अर्धा वर्ग त्या होडीत चढला, आणि स्टेजवर उभ्या दिपेशला पायांखालची फळी हलल्यासारखी वाटली. त्याने महेंद्रचा दंड धरला. महेंद्रचा हात थंडगार होता, पण तो एसीच्या खालीच उभा होता.

गलका ओसरत आला तेव्हा प्रभाकर हळूच म्हणाला, “पण परत येताना आपल्यातला एक जण नव्हता ना?”

केटररची माणसं झाकणं वाजवत होती तेवढाच आवाज. कोण नव्हतं, ते कुणाला सांगता येईना, पण कुणी तरी नव्हतं हे सगळ्यांना पटलं होतं. मग रुपाली स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “गोविंदा.”

“हो, गोविंदा,” नयन म्हणाला. नाव एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलं आणि प्रत्येक टेबलावर मान हलली. इतक्या वर्षांत त्या बिचाऱ्याची कुणी साधी चौकशी केली नाही, म्हणून सगळ्यांनाच अपराधी वाटू लागलं. ठरलं की त्याला शोधून काढायचं. ग्रुपची लिंक सगळ्यांनी ओळखीच्यांना पाठवायची, कुठून तरी पोहोचेलच. जेवणं मात्र छान झाली. बासुंदी सगळ्यांना आवडली.

दुसऱ्या दिवशी दिपेश दुकानात एका जोडप्याला पांढऱ्या रंगाच्या दहा छटा दाखवत होता. मोबाइल वाजला. ग्रुपमध्ये एक नवा नंबर आला होता. फोटोच्या जागी नुसतं पाणी होतं. खाली मेसेज होता.

‘गोविंदा. ओळखलंत का?’

त्याखाली भराभर उत्तरं आली. ओळखणार नाही का, म्हणून रुपालीने लिहिलं. नयनने बासुंदी हुकल्याचं सांगितलं. प्रभाकरने हात जोडले. तेवढ्यात महेंद्रचा फोन आला. 

“दिपेश,” महेंद्र म्हणाला, “ती होडी आपण तर...”

“हो.”

“मग हा?”

गोविंदा नावाची माणसं पुष्कळ असतात, लिंक कुठेही गेली असेल, असं दिपेशने स्वतःला समजावलं. ग्रुपवर गोविंदा पुन्हा काहीतरी लिहीत होता. बराच वेळ लिहीत होता. शेवटी एवढंच आलं, ‘मला वाटलेलं, तुमच्यातल्या कुणालाच मी आठवणार नाही.’

जोडप्याने शेवटी ठरवलेली छटा कुठली ते दिपेशने ऐकलंच नाही. त्याने मोबाइल काउंटरवर उलटा ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा सरळ केला आणि लिहिलं, ‘तुला कसं विसरू रे?’