पाचशे फुटांच्या वर

मुलीकडच्यांना घर दाखवायचं होतं आणि घर अजून बांधून व्हायचं होतं, अशी गुणाजी राऊळांची अडचण होती. परळची चाळ पाडून तिथे टॉवर उठत होता. तोवर राऊळ कुटुंब भाड्याच्या खोलीत. टॉवरमध्ये मिळणार होतं तीनशे ऐंशी फुटांचं घर. पण मुलाच्या, म्हणजे हितेशच्या, लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा गुणाजींनी त्यात जिना, लिफ्ट, पॅसेज आणि वॉचमनची केबिन यांतला आपला वाटा मिळवला, आणि नायगावच्या शामरावांना, मुलीच्या वडिलांना, घर साडेपाचशे फुटांचं सांगितलं.

घर नाही तर निदान वजन दाखवावं, म्हणून आज ते शामरावांना महापालिकेची सभा बघायला घेऊन आले होते. नगरसेविका आकांक्षा त्यांच्याच चाळीतली. गॅलरीचे पास तिनेच दिले होते.

शामरावांना सगळ्याचंच कुतूहल. "तो कोपऱ्यातला झोपलाय, त्याचं मत धरतात?"

"जागा झाला तर धरतात."

खाली विषय निघाला. नवे पूल आणि पावसाळी पाणी उपसायचे पंप यांसाठी मालमत्ता कर वाढवायचा की नाही.

"म्हणजे आपली घरपट्टीच ना? ती लागते कुणाला?"

"पाचशे फुटांच्या वर घर असेल त्याला. खालच्यांना माफ," गुणाजी सहज बोलून गेले.

"म्हणजे तुम्हाला लागणार."

हा खर्च गुणाजींच्या हिशेबात नव्हता. "लागणार की. आपण काय माफीवाले?"

"किती?"

आकडा लहान सांगावा तर घर लहान वाटेल. "असेल वीसेक हजार."

"आणि वर ही वाढ? भरणार कोण, हितेश?" शामरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे आमची चैत्राली पण भरणार."

तेवढ्यात खाली एक नगरसेवक म्हणाला की वाढ थोडीच आहे, लोक आनंदाने भरतील. शामराव ताडकन उभे राहिले. "आनंदाने कोण भरतंय? आमच्या व्याह्यांना विचारा."

गॅलरीत बोलायची मनाई. सुरक्षारक्षक धावला, सगळं सभागृह वर बघू लागलं. आकांक्षाने गुणाजींना ओळखलं आणि ती मदतीला उठली.

"महापौर महोदय, वर आमचे गुणाजीकाका बसलेत. त्यांच्यासारख्यांना या वाढीचा एक रुपयाही लागणार नाही. माझ्या शेजारचंच घर, तीनशे ऐंशी फूट. नकाशा मी स्वतः बघितलाय. काका, तुम्ही बिनधास्त राहा."

बाकं वाजली. सगळे बघतायत म्हणून गुणाजींनी नमस्कारही केला.

रक्षकाने दोघांना बाहेर काढलं. फुटपाथवर येताच शामरावांनी पुन्हा विचारायला सुरुवात केली.

"तीनशे ऐंशी?"

"ता कार्पेट एरिया आसा." घाबरले की गुणाजी मालवणीत शिरत.

"मग साडेपाचशे?"

"त्यात लिफ्ट धरलेली."

"लिफ्टमध्ये कोण झोपणार होतं?"

गुणाजींनी मान खाली घातली. "हितेशला यातलं काही माहीत नाही, शामराव. चूक माझी. लग्न मोडू नका."

"मोडायलाच आलो होतो."

गुणाजी जागीच थांबले.

"चैत्राली म्हणाली, साडेपाचशे फूट, तेही परळला, हॉस्पिटलांच्या मधोमध. गावचं प्रत्येक दुखणं यांच्याकडेच उतरणार, आणि डबे मी करणार. सकाळीच नकार सांगणार होतो. पण म्हटलं, सभा कधी बघितली नाही, ती तरी बघून घेऊ. तर वर ही घरपट्टी." शामरावांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तीनशे ऐंशीत पाहुणे मावतात?"

"छे हो," गुणाजी चटकन म्हणाले. "आणि तीनशे ऐंशी तरी कुठले? भिंती कुठं गेल्या?"

ते चालू लागले. भिंतींमागोमाग गुणाजींनी बाल्कनी वजा केली, मग मोरी, मग देवघर, मग हितेशच्या आईची, रखमाची, शिलाई मशीन. बसस्टॉप आला तेव्हा घर जुन्या चाळीतल्या खोलीएवढं झालं होतं, आणि गुणाजी आता फ्रिजकडे वळले होते.

"पुरे, गुणाजीराव," शामराव म्हणाले. "पोरीला उभं राहायला तरी जागा ठेवा."